‘दुरुस्ती समाधानकारक: हो / नाही’ – एका व्हॅल्युअरच्या री-व्हिजिटचं प्रकरण

बँकेच्या ऑफिसरचा व्हॉट्सअॅप मेसेज होता: ‘सर, डोंबिवलीच्या केसची री-व्हिजिट. रिपेअर झालंय. फक्त सॅटिस्फॅक्टरी लिहून द्या, आज लोन डिस्बर्स करायचंय.’

री-व्हिजिटचे मला पाचशे रुपये मिळतात. त्यात रिक्षा, चार जिने आणि सही. बाकी सगळ्याचं मी समजू शकतो, पण त्या ‘फक्त’ने पुढचे तीन आठवडे खाल्ले.

मी पॅनेल व्हॅल्युअर आहे. घरकर्जाच्या फाइलमधल्या घराची किंमत बँकेला सांगणं हे माझं काम. ओळख पटू नये म्हणून इथे इमारतीचे आणि माणसांचे काही तपशील हलवले आहेत. कागदांचा क्रम आणि त्यावर काय लिहिलं गेलं, ते तसंच ठेवलं आहे.

जानेवारी २०२४: पहिली भेट

इमारत डोंबिवली पूर्वेला, १९८९ सालची. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, वीस फ्लॅट. चौथ्या मजल्यावरचा वन बीएचके, बिल्टअप ५४५ चौरस फूट, सौदा ४२ लाखांना ठरलेला. विकणारे काका रेल्वेतून निवृत्त होऊन मुलाकडे बदलापूरला राहायला गेलेले. घेणारं जोडपं तिशीतलं. ती खासगी रुग्णालयात नर्स, तो भिवंडीकडच्या एका गोदामात सुपरवायझर. टोकन देऊन झालं होतं आणि भाड्याच्या घराचा करार एप्रिलमध्ये संपत होता. अशा फाइलमध्ये सगळ्यांनाच घाई असते, तशी इथेही होती.

बेडरूम आणि स्वयंपाकघर ठीक. हॉलच्या छताला, बाहेरच्या बीमजवळ, ताटाएवढं तपकिरी वर्तुळ. त्याच्या आत आणखी एक फिकं वर्तुळ. म्हणजे किमान दोन पावसाळ्यांचं पाणी. न्हाणीघरात मात्र लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. साधारण अडीच फूट बाय दीड फुटाचा छताचा तुकडा खाली आलेला, तीन सळया उघड्या, आणि बोट लावलं की गंजाचे पापुद्रे हातात. आजूबाजूला हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर तुटलेल्या कडेपासून फूटभर लांबपर्यंत पोकळ आवाज येत होता. म्हणजे पडलं होतं तेवढंच खराब नव्हतं. पडायचं राहिलेलंही बरंच होतं.

हा शेवटचा मजला. वर कोणाचा संडास नाही, मोरी नाही, वर थेट गच्ची. मग पाणी गच्चीतूनच येणार. सेक्रेटरींकडून चावी घेऊन वर गेलो. जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांवरचा सिमेंटचा थर, त्याला जाळीसारख्या भेगा, आणि पावसाळी पाइपाच्या तोंडाशी वीतभर पिंपळाचं रोप. पिंपळ तिथे उगवला म्हणजे खाली त्याला ओल मिळते आहे. हे समजायला मीटर लागत नाही.

सळई गंजण्याचा मामला थोडक्यात असा. ताज्या काँक्रीटमध्ये इतका अल्कली गुण असतो की त्यात बुडालेल्या लोखंडाला गंज चढत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो आणि तो गुण वरून आत कमी होत जातो. कमी झालेला थर सळईपर्यंत पोचला आणि त्यात पाणी मिळालं की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, सळई आतून फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. त्यामुळे पडलेला तुकडा हे लक्षण आहे, रोग नव्हे. लक्षणावर पुट्टी आणि दोन हात रंग चढवता येतो. रोग वर गच्चीवर आणि आत सळईत असतो.

मी अहवालात दोन किमती लिहिल्या. आहे त्या स्थितीत साडेचाळीस लाख, दुरुस्तीनंतर बेचाळीस लाख. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या घरकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. म्हणजे पहिल्या किमतीवर ३२ लाख ४० हजार, दुसऱ्या किमतीवर ३३ लाख ६० हजार. फरक एक लाख वीस हजारांचा. त्या जोडप्याच्या हिशेबात तेवढेच पैसे स्टॅम्प ड्युटीनंतर कमी पडत होते, हे मला नंतर कळलं.

दुसरा रकाना होता इमारतीच्या उर्वरित आयुष्याचा. आरसीसी इमारतीला साठ वर्षं धरायची, पस्तीस झाली, राहिली पंचवीस. या बँकेचा नियम असा की कर्ज त्याच्या पाच वर्षं आधी फिटलं पाहिजे. म्हणजे वीस वर्षं. त्यांनी मागितली होती वीसच. अगदी काठावर. किमतीच्या रकान्यावर सगळे भांडतात, पण माझ्या मते फाइलमधला सगळ्यात नाजूक आकडा हा आहे, आणि तो बहुतेक वेळा साठातून वय वजा करून येतो. मीही तसाच आणला. खाली लिहिलं, ‘योग्य देखभाल गृहीत धरून’.

आणि शर्त लिहिली: ‘स्लॅबची दुरुस्ती करून घ्यावी. त्यानंतर पुनर्पाहणी करावी.’

या दोन वाक्यांकडे मी पुन्हा येणार आहे. घोळ तिथे होता, आणि तो माझा होता.

मार्च: दुसरी भेट

दार उघडलं तोच नव्या रंगाचा वास. काका स्वतः आले होते, चहाही सांगून ठेवला होता. हॉलला पीओपीचं फॉल्स सीलिंग, कडेने नक्षी. न्हाणीघराच्या छताला पांढरे पीव्हीसी पॅनेल. काकांनी मोठ्या अभिमानाने वर हात केला. ‘बघा साहेब, आता थेंबही दिसणार नाही.’

ते खरंच होतं. थेंबच काय, स्लॅबही दिसत नव्हता.

मी काँट्रॅक्टरचं बिल मागितलं. वहीच्या कागदावर, कार्बन कॉपी: ‘स्लॅब रिपेअर, प्लास्टर, वॉ. प्रू. केमिकल, पीओपी, कलर – लमसम ३८,०००’. कुठे किती चौरस फूट, सळया साफ केल्या का, कुठलं केमिकल, काही नाही. फोनवर दोन फोटो होते. एक पडलेल्या छताचा, एक पांढऱ्या पॅनेलचा. मधला एकही नाही.

ज्यांनी हे काम उभं राहून करून घेतलंय त्यांना ठाऊक असेल, सगळी दुरुस्ती त्या मधल्या फोटोंत असते. स्लॅबखाली टेकू लावले होते का? पोकळ काँक्रीट टणक लागेपर्यंत फोडलं का, की जेवढं लोंबत होतं तेवढंच पाडलं? सळईच्या मागेही बोट जाईल इतकी जागा मोकळी केली का? तारेच्या ब्रशने ती चकाकेपर्यंत घासली का? तिची जाडी किती उरली, जोडसळई द्यावी लागली का? गंजरोधक लेप, जोडलेप, मग पॉलिमर मॉर्टर, मग पाणी मारणं. हे सात-आठ टप्पे एका आठवड्यात होतात आणि मग त्यांच्यावर गिलावा चढतो. गिलावा चढल्यावर नीट केलेलं काम आणि न केलेलं काम यात डोळ्यांना काडीचा फरक नसतो. ठोकून थोडं कळतं. पण पीओपीला ठोकून पीओपीच वाजतं.

हॉलच्या कोपऱ्यात एक दिवा बसवायचा राहिला होता. त्यासाठी पाडलेलं भोक मुठीएवढं. काकांना विचारून मी फोनचा टॉर्च लावला आणि हात आत घालून तीन फोटो काढले. मधे सहा-सात इंचांची पोकळी, वर जुना स्लॅब, तपकिरी वर्तुळाच्या जागी राखाडी रंगाचा कसला तरी लेप. ब्रशच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. लेपाखाली फोडून भरलंय की नुसतं फासलंय, हे त्या फोटोवरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. हेही कबूल करतो की हात आत घालताना मी माझ्या कामाच्या कडेवर उभा होतो. व्हॅल्युअर उघडं दिसतं ते पाहतो. तो फोडत नाही, उचकटत नाही, फर्निचर सरकवत नाही. भोक आधीच होतं म्हणून डोकावलो. नसतं तर पाडा म्हटलं नसतं.

गच्ची? ‘सेक्रेटरी गावाला गेलेत, चावी त्यांच्याकडे.’ बरं, गच्चीवर काम झालंय का? काकांना ते माहीत नव्हतं आणि त्यांचा दोषही नव्हता. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थांच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्चीतून पाणी झिरपून शेवटच्या मजल्याचं छत खराब झालं तर त्याची दुरुस्ती संस्थेने करायची असते. काकांनी संस्थेला दोन अर्ज दिले होते, त्यांच्या प्रती त्यांनी मला दाखवल्या. उत्तर नाही. मग त्यांनी आपल्या खिशातून खालून जे करता येईल ते केलं. खालून करता येतं ते हेच.

ओल? मार्च महिना. मार्चमध्ये डोंबिवलीतली कुठलीच गच्ची गळत नाही.

मी काय लिहिलं

बँकेच्या फॉर्मवर एक ओळ होती: ‘दुरुस्ती समाधानकारक: हो / नाही’. मी दोन्ही खोडलं आणि खाली लिहिलं:

‘पाहणीच्या दिवशी हॉलमध्ये फॉल्स सीलिंग व न्हाणीघरात पीव्हीसी पॅनेल बसवलेले आढळले. त्यामुळे दोन्ही ठिकाणी स्लॅबचा तळ दिसत नाही. हॉलमधील एका उघड्या छिद्रातून स्लॅबवर राखाडी लेप दिसला (छायाचित्रे १ ते ३). लेपाखालील काँक्रीट व सळयांची स्थिती सांगता येत नाही. कामाच्या मधल्या टप्प्यांची छायाचित्रे अथवा मोजमाप उपलब्ध नाही. गच्ची पाहता आली नाही. पाहणी कोरड्या ऋतूत झाली. वरील कारणांमुळे पहिल्या अहवालातील ‘दुरुस्तीनंतर’ची किंमत लागू करता येत नाही. महापालिकेकडे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्यावा.’

संध्याकाळपर्यंत पाच फोन आले.

पहिला ऑफिसरचा. त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. ‘सर, शर्त तुम्ही घातली. पुनर्पाहणी तुम्हीच लिहिली. आता तुम्हीच म्हणता सांगता येत नाही. मग पुनर्पाहणी लिहिली कशाला?’ याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. दुसरा कर्ज आणणाऱ्या एजंटचा. त्याचा सूर निराळा. ‘इतर व्हॅल्युअर देतात सर.’ देतात, हे मला माहीत आहे. तिसरा काकांचा. ‘साहेब, अडतीस हजार घातले मी. रंग दिसतोय ना तुम्हाला? मग दिसतोय तेवढं तरी लिहा.’ ते लिहिलं होतं, पण त्यांना ती पावती नको होती, पसंती हवी होती. चौथा पुन्हा ऑफिसरचा. त्याने मधला मार्ग काढला. ‘सर, सॅटिस्फॅक्टरी लिहा आणि खाली डिस्क्लेमर टाका, की आम्ही स्ट्रक्चर तपासलेलं नाही. तुम्ही सुटलात, आम्ही सुटलो.’

इथे थोडं थांबतो, कारण माझ्या धंद्यातली निम्मी माणसं या डिस्क्लेमरच्या आधारावर जगतात.

कंपनी कायद्याखाली नोंदणीकृत मूल्यांककांसाठी २०१७ साली नियम आले. परीक्षा, पन्नास तासांचा अभ्यासक्रम, आयबीबीआय या केंद्रीय दिवाळखोरी मंडळाकडे नोंदणी. त्यातल्या आठव्या नियमात अहवालात काय काय असावं याची यादी आहे. मर्यादा आणि अस्वीकरणं, म्हणजे डिस्क्लेमर, लिहा, असं तिथे म्हटलंय. पण लगेच पुढे अट आहे: मूल्यांककाला कोणत्या अडचणी आल्या हे समजावण्यापुरतीच ती असावीत, अहवालाबद्दलची त्याची स्वतःची जबाबदारी कमी करण्यासाठी नसावीत. घरकर्जाचा प्रत्येक अहवाल या नियमांखाली येतोच असं नाही, तरी मी तो परिच्छेद माझ्यासाठी कायदाच मानतो. ‘गच्ची पाहता आली नाही’ ही मर्यादा झाली. ‘दुरुस्ती उत्तम आहे, पण आम्ही ती पाहिलेली नाही’ ही मर्यादा नव्हे. वरची ओळ खालच्या ओळीने खोटी पाडायची, आणि दोन्हींखाली एकच सही.

त्याच नियमांत दुसऱ्या नोंदणीकृत मूल्यांककाकडून माहिती किंवा मूल्यांकन घेण्याची मुभा आहे. ते कोणाचं, हे उघड करायचं. तरीही शेवटच्या किमतीची जबाबदारी सही करणाऱ्याकडेच राहते. काँट्रॅक्टर तर मूल्यांककही नव्हता. त्याचा ‘रिपेअर केलं’ हा शब्द मी उचलून माझ्या लेटरहेडवर ठेवला असता तर तो माझा झाला असता.

लोक विचारतात, इतकं काय घाबरायचं? भीती आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बँक फसवणुकीत हात असलेल्या व्हॅल्युअर, वकील, बिल्डर अशा बाहेरच्यांची एक सावधगिरी यादी इंडियन बँक्स असोसिएशन ठेवते. एका बँकेने नाव टाकलं की बाकीच्या बँकांची दारंही बंद होतात. दुसऱ्या बाजूला, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने पॅनेलवरच्या एका वकिलाच्या प्रकरणात स्पष्ट केलं होतं की केवळ मत चुकलं म्हणून कटाचा गुन्हा होत नाही, फसवणाऱ्यांशी संगनमत होतं असं दाखवणारा पुरावा हवा. मला त्या निकालाचा दिलासा वाटतो. पण तो चुकलेल्या मताला आहे. जे पाहिलं नाही ते पाहिलं असं लिहिणं, हे मतात बसत नाही.

पाचवा फोन त्या नर्स बाईंचा. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांनी एकच विचारलं, ‘सर, आम्ही घ्यावं का नाही?’ याचंही उत्तर माझ्या कामात बसत नाही. मी बँकेसाठी गेलो होतो, पैसे बँकेने त्यांच्याकडून प्रोसेसिंग फीमधून घेतले होते, आणि अहवालाची प्रत त्यांना मिळालीच नव्हती. घर घेणाऱ्या बहुतेकांना वाटतं की बँकेचा माणूस घर बघून गेला, म्हणजे घर तपासून झालं. बँक बघते ती आपले पैसे घराच्या किमतीत सुरक्षित आहेत का ते. छत तुमच्या अंगावर पडेल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो कोणी विचारलेलाच नसतो. मी त्यांना इतकंच म्हणालो की इंजिनिअरला तुमच्या पैशाने आणा, म्हणजे तो तुम्हाला सांगेल.

इंजिनिअर आला

आता ज्याचं हे काम होतं तो. पंधरा हजार रुपये फी. त्याने काकांची लेखी परवानगी घेऊन न्हाणीघरातले दोन पॅनेल काढले, हॉलचं पीओपी दोन बाय दोन फूट कापलं.

मी उत्सुकतेपोटी गेलो, अहवालाशी संबंध नव्हता. त्याने स्लॅबला छिन्नीने ताजा छेद घेतला आणि त्यावर फिनॉल्फ्थेलिनचा फवारा मारला. अल्कली शाबूत असेल तिथे काँक्रीट गडद गुलाबी होतं. तिथे आधी काहीच झालं नाही. राखाडी, राखाडी, आणि साधारण तीस मिलिमीटर आत गेल्यावर गुलाबी रेघ उमटली. सळईवर आवरण होतं अठरा मिलिमीटरचं. म्हणजे सळई त्या संरक्षणाबाहेर पडून किती तरी वर्षं झालेली. मग त्याने सळईचा विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज देणारा तांबं-मोरचूदचा हाफ-सेल लावला. बहुतेक ठिकाणी आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे, म्हणजे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर. न्हाणीघरात नवा गिलावा हाताने दाबला तर एक तुकडा सुटला. आत सळईवर जुना गंज जसाच्या तसा, वरून सिमेंटचं पाणी.

काकांचा चेहरा पडला. मला वाटतं तोवर त्यांना खरंच वाटत होतं की काम झालंय. त्यांनी कोणाला फसवलं नव्हतं. त्यांना काँट्रॅक्टरने, आणि काँट्रॅक्टरला बहुधा आपल्याच अर्धवट ज्ञानाने. असल्या प्रकरणांत खलनायक शोधायला निघालं की वेळ जातो.

इंजिनिअरने दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या. फ्लॅटच्या आत सुमारे सत्तर चौरस फूट स्लॅबची पद्धतशीर दुरुस्ती, अंदाजे एक लाख साठ हजार. आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ज्याशिवाय आतलं काम टिकणार नाही, पण जे संस्थेचं आहे. शिवाय संस्थेचं स्ट्रक्चरल ऑडिट मागा, असंही. आदर्श उपविधींत तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी सांगितलंय, आणि मुंबईबाहेरच्या महापालिकांना लागू असलेल्या अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षं झालेल्या इमारतीला स्थैर्य प्रमाणपत्र द्यावं लागतं. दर पावसाळ्याआधी तशा नोटिसा निघतात. या इमारतीच्या फाइलमध्ये नोटीस होती, प्रमाणपत्र नव्हतं. पलीकडेच ठाकुर्लीत जुलै २०१५ मध्ये मातृकृपा इमारत पडली होती. त्या भागातल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही, पण सेक्रेटरींना सांगावं लागलं.

मग काय झालं

सौदा मोडला नाही. काकांनी सव्वा लाख कमी केले, कुरकुरत. बँकेने आहे त्या स्थितीची किंमत धरली, ३२ लाख ४० हजार मंजूर केले. पण इंजिनिअरचा अहवाल फाइलमध्ये आल्यावर बँकेने मला उर्वरित आयुष्याचा रकाना पुन्हा भरायला सांगितला. मी वीस लिहिलं. त्यातून पाच गेली, कर्ज पंधरा वर्षांचं झालं. पावणेनऊ टक्क्यांनी वीस वर्षांना हप्ता बसत होता २८,६०० च्या आसपास, पंधराला तो ३२,४०० च्या जवळ गेला.

सुपरवायझर साहेबांनी फोन केला. ‘सर, तुमच्या एका आकड्याने महिन्याला पावणेचार हजार वाढले.’ मी काही बोललो नाही. पंचवीसचं वीस मी कशावरून केलं? अनुभवावरून. त्यात विज्ञान किती आणि हात राखून लिहिणं किती, हे मलाही वेगळं करता येत नाही. दुरुस्ती तपासण्याबाबत मी इतका काटेकोर झालो आणि आयुष्य सांगताना मात्र आकडा ठोकून दिला. या प्रकरणात मला कुठे टोचत असेल तर ते इथे. त्या स्लॅबची नीट दुरुस्ती झाली आणि गच्ची कोरडी राहिली तर इमारत पंचवीस वर्षं सहज काढेल. नाही झाली तर वीसही फार आहेत. पण रकान्यात ‘जर-तर’ लिहायला जागा नसते.

चूक कुठे होती

ऑफिसरच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. पुनर्पाहणी लिहिली कशाला?

अमेरिकेत घरकर्जासाठी जो ठरावीक मूल्यांकन फॉर्म आहे, फॅनी मे या संस्थेचा १००४ क्रमांकाचा, त्यात किंमत कोणत्या आधारावर दिली याचे चौकोन आहेत. एक ‘आहे त्या स्थितीत’. एक ‘नकाशाप्रमाणे बांधकाम पुरं झालंय असं धरून’. एक ‘ही ही दुरुस्ती झाली आहे असं धरून’. आणि चौथा वेगळाच: ‘अमुक तपासणी व्हायची आहे, आणि तीत दुरुस्तीची गरज निघणार नाही असं धरून’. दुरुस्ती झाल्यावर व्हॅल्युअर परत जातो आणि १००४-डी या दुसऱ्या फॉर्मवर लिहितो की सांगितलेली गोष्ट झाली आहे. तिथले व्हॅल्युअर यालाही वैतागतात, कारण तिथेही छपराचा आणि वायरिंगचा दर्जा त्यांच्या गळ्यात मारायला लोक टपलेले असतात. पण तिसरा आणि चौथा चौकोन वेगळे आहेत, हीच मला मोलाची गोष्ट वाटते. तुटलेली काच बदलली का, जिन्याला कठडा लावला का, पोपडे निघालेला रंग खरवडून नवा दिला का, हे तिसऱ्या चौकोनाचं काम. डोळ्यांनी बघता येतं, हो-नाही सांगता येतं. स्लॅबमधला गंज थांबला का, हे चौथ्या चौकोनाचं. ते बघायला दुसरा माणूस लागतो.

मी जानेवारीत चौथ्या चौकोनाची गोष्ट तिसऱ्यात टाकली होती. ‘स्लॅबची दुरुस्ती करून घ्यावी, त्यानंतर पुनर्पाहणी करावी.’ कोणाकडून दुरुस्ती, कोणाच्या देखरेखीखाली, पुनर्पाहणी कोणाची, काही नाही. काकांनी ते वाचून जवळचा काँट्रॅक्टर गाठला. त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं? बँकेने ते वाचून मला बोलावलं. तीही बरोबरच होती. वाक्य माझं होतं. जी मर्यादा मी मार्चमध्ये फॉर्मच्या तळाशी दहा ओळी लिहून सांगितली, ती जानेवारीत एका ओळीत सांगता आली असती आणि अडतीस हजारांचं पीओपी वाचलं असतं.

तेव्हापासून माझी शर्त अशी असते: ‘छताच्या अमुक भागात सळया उघड्या आहेत. कारण व व्याप्ती नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासावी, दुरुस्ती त्याच्या सूचनेप्रमाणे व्हावी, पूर्णत्वाचा दाखला त्यानेच द्यावा. सळया साफ केल्यानंतर व गिलाव्यापूर्वीची छायाचित्रे जोडावीत. दुरुस्तीपूर्वी फॉल्स सीलिंग बसवू नये.’ शेवटचं वाक्य वाचून एका मॅनेजरने विचारलं होतं, हे कशासाठी? मी त्याला काकांच्या हॉलमधले ते तीन फोटो पाठवले.

पिंपळाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मे महिन्यात संस्थेच्या सभेत गच्चीसाठी वर्गणी ठरली, म्हणजे ठराव झाला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नर्स बाईंनी फोटो पाठवला. कोब्यावर निळी ताडपत्री, चार विटांनी दाबलेली, आणि पाइपाच्या तोंडाशी रोप कापलेलं. मुळासकट नव्हे, वरून.

बँकेच्या फॉर्मवरची ओळ अजून तशीच आहे. ‘दुरुस्ती समाधानकारक: हो / नाही’. मागच्या आठवड्यातही एक आला. मी दोन्ही खोडलं, खाली लिहायला लागलो, जागा पुरली नाही, मागच्या पानावर गेलो.